गेकोसाठी जिवंत किडे: विदर्भाच्या उन्हात निवडायचे कसे आणि जगवायचे कसे

माझ्याकडचा लेपर्ड गेको, म्हणजे ठिपक्यांची पाळीव पाल, खरं तर भाच्याचा. पुण्यातल्या खोलीच्या मालकिणीला तो दिसला, आणि दिवाळीच्या सुट्टीत भाचा काचेच्या पेटीसकट आर्वी तालुक्यातल्या आमच्या घरी येऊन थडकला. आजीनं पेटीत वाकून पाहिलं आणि विचारलं, "काऊन रे पोट्ट्या, भिंतीवरच्या पाली कमी पडल्या का तुले?" भाचा चार दिवसांनी परत गेला, गेको राहिला.

पेटी, लपायची जागा, पाण्याची वाटी हे सगळं आठवड्यात मार्गी लागलं. डोकं खाल्लं ते त्याच्या जेवणानं. हा प्राणी भाजी खात नाही, फळ खात नाही, मेलेल्या किड्याकडे बघतही नाही. समोर काही हललं पाहिजे, तेव्हा कुठे शेपटीचं टोक थरथरवत तो पुढे सरकतो. म्हणजे एक गेको पाळायचा तर घरात दोन-तीनशे किडेही पाळावे लागतात, आणि गेकोपेक्षा जास्त लक्ष त्यांच्याकडेच द्यावं लागतं.

मी सुरुवातीला जे वाचलं ते सगळं थंड मुलखातल्या माणसांनी लिहिलेलं होतं. किड्यांना ऊब द्या, खाली गरम पट्टी लावा, खोली २५ अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. इथे किडे मरतात ते दोन गोष्टींनी, उन्हानं आणि विषानं. पुढचं सगळं या दोघांना धरूनच आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. पाळायचा तो पिंजऱ्यात जन्मलेला गेको, पावतीसकट. सातपुड्यात लेपर्ड गेकोची आपली स्वतःची जात आहे, २०१४ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन झालं. मेळघाटाकडे रात्री रस्त्यावर ठिपक्यांची जाड शेपटीची पाल दिसली तर गाडी हळू करा आणि तिला जाऊ द्या. रानातला जीव उचलून घरी आणणं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कचाट्यात येतं. विकतच्या परदेशी जातींपैकी ज्या साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, त्यांची सरकारी परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते.

वावरातला किडा का नको

गावात राहणाऱ्याला पहिला मोह हाच होतो. धुऱ्यावर टोळ उड्या मारतायत, दिव्याखाली रात्री किड्यांचा सडा पडतोय, मग विकत कशाला घ्यायचे? माझ्या शेजारच्या काकांनी तर कपाशीच्या बोंडातली गुलाबी अळी काढून तळहातावर आणून दिली होती. "हे घे, चांगली गुबगुबीत हाये."

कपाशीवर जून ते नोव्हेंबर किती वेळा पंप फिरतो हे आपल्याला कोणी सांगायला नको. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० च्या आसपास शेतकरी आणि मजूर गेले. धडधाकट माणसाला जे पाडतं, त्याचा अंश पोटात घेऊन फिरणारा टोळ ६० ग्रॅमच्या पालीला काय करेल ते सांगायला नको. शिवाय सगळं विष वरून फवारलेलं नसतं. बियाण्याला लावलेलं औषध झाडाच्या रसात उतरतं आणि रस शोषणाऱ्या किड्यात जातं. "आमच्या वावरात फवारलं नाही" एवढ्यानं भागत नाही, कारण टोळाला धुरा कळत नाही.

काही किडे तर फवारणीशिवायही विषारीच असतात. मृगाच्या आसपास चमकणारे काजवे पेटीच्या जवळही येऊ देऊ नका. काजवा खाऊन पाळीव सरडे मेल्याच्या नोंदी आहेत, आणि त्यासाठी एखादा काजवा पुरतो. रुईच्या झाडावर बसणारा निळा-पिवळा रंगीत टोळ रुईचा विषारी चीक अंगात साठवतो. मूग-उडीद फुलावर आले की काळे-नारिंगी पट्ट्यांचे भुंगे येतात, ज्यांचा रस लागला की आपल्याच कातडीला फोड येतो. केसाळ सुरवंट, गोम, विंचवाचं पिल्लू, घरातली झुरळं, हे सगळं बाद. घरातल्या झुरळानं कुठल्या कोपऱ्यातली कसली पावडर चाटली असेल, काय सांगता येतं?

वाळवीचं काय, असं बरेच जण विचारतात, कारण कोंबडीच्या पिलांना वारुळाचा ढेला फोडून घालायची आपल्याकडे पद्धत आहे. पण वाळवीवर ओतलेलं औषध जमिनीत दीर्घकाळ टिकतं, आणि मोठ्या गेकोला तेवढ्याशा किड्यानं काही होत नाही. मी तो नाद केला नाही.

मग कोणता किडा?

लेपर्ड गेकोसाठी रोजच्या भाकरीसारखे किडे दोन, मीलवर्म आणि रातकिडे. बाकीचे सणासुदीचे.

मीलवर्म म्हणजे पिठात वाढणारी पिवळसर, कडक अंगाची अळी. तिचा पुढे काळा भुंगा होतो. ती आवाज करत नाही, उडत नाही, गुळगुळीत प्लॅस्टिकवर चढत नाही आणि कोंड्यावर जगते. गावातल्या माणसासाठी सुरुवात हिच्यापासूनच. वजनाच्या हिशेबात तिच्यात प्रथिनं सुमारे १९ टक्के आणि चरबी १३ टक्के असते. तिचा दोष कॅल्शियमचा. तिच्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरापटीहून जास्त असतो, आणि गेकोच्या हाडांना हवं असतं नेमकं उलटं, फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम दीडपट-दुप्पट. ही तूट कशी भरायची ते पुढे येतंच.

रातकिड्यात चरबी निम्मी, साधारण ६-७ टक्के, आणि तो पळतो म्हणून गेकोला शिकारीचा व्यायाम होतो. पण तो ओरडतो, वास मारतो, उड्या मारून सुटतो, आणि पेटीत तसाच राहिला तर झोपलेल्या गेकोचीच बोटं कुरतडतो.

सुपरवर्म हा मीलवर्मचा दांडगा भाऊ. चरबी जास्त, जबडा मजबूत. पूर्ण वाढलेल्या गेकोला कधीमधी दोन द्यावेत, पिल्लाला नको. मेणअळी, म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यात मेण पोखरते ती, जवळजवळ २५ टक्के चरबीची. ती पेढ्यासारखी, आजारातून उठलेल्या किंवा अंडी घातलेल्या मादीसाठी. रोज दिली तर गेको दुसरं काही खाईनासा होतो. माझा एकदा तीन आठवडे रुसला होता.

डुबिया नावाचं दक्षिण अमेरिकेतलं झुरळ शौकीन लोक पाळतात. खरं सांगायचं तर आपल्या उन्हाला सगळ्यात चांगलं तेच टिकतं, ३०-३२ अंशांत खुशाल वाढतं, गुळगुळीत भिंत चढत नाही आणि मांसल असतं. पण एक मादी महिना-दोन महिन्यांनी वीस-तीस पिलं देते आणि ती मोठी व्हायला चार-सहा महिने लागतात, म्हणजे धीर पाहिजे. आमच्या घरी "झुरळ पाळायची आहेत" हे वाक्य उच्चारायची माझी हिंमत झाली नाही. ज्यांची होईल त्यांनी एवढं पाळावं की एकही बाहेर सोडायचं नाही, परदेशी जीव आहे. आणि झुरळांच्या विष्ठेनं काहींना दमा-शिंका सुरू होतात, तेव्हा झोपायच्या खोलीत डबा नको.

ब्लॅक सोल्जर माशीच्या अळीचं एक वैशिष्ट्य आहे. खायच्या किड्यांत जवळपास हीच अशी की जिच्यात कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्त असतं. ओल्या कचऱ्याच्या खड्ड्यात ती आपोआप येते, चपटी, राखाडी, खरबरीत. पण खड्ड्यातली उचलून घालायची नाही. झाकणाच्या बादलीत फक्त भाजीच्या सालींवर वाढवलेली, पाण्यानं धुतलेली चालते. कोंबडखतावरची तर मुळीच नको.

मीलवर्मचं घर लावणं

सुरुवात २५०-३०० अळ्यांनी करा. एक मोठा गेको आठवड्याला साधारण २० किडे खातो, महिन्याला ८०-९०. तीनशेची वसाहत नीट लागली की त्याला पुरून उरते, पण पहिले तीन-चार महिने तिच्यातून काही काढायचं नाही. तोवर खायच्या अळ्या वेगळ्या मागवाव्यात.

मागवताना तारीख बघा. अळ्या कुरियरनं येतात आणि तालुक्याच्या गावी एखाद्या पत्र्याच्या गोदामात पडून राहतात. मार्चचा शेवट ते जूनचा मध्य या काळात मी काहीच मागवत नाही. बाकी वर्षात रविवार मध्ये येणार नाही अशा बेतानं सोमवारी निघणारं पार्सल सांगतो, आणि ते तालुक्याला पोचलं की स्वतः जाऊन उचलतो. उघडल्यावर आंबूस वास आला, अळ्या काळ्या किंवा लिबलिबीत दिसल्या तर त्या बाजूला काढा. चांगली अळी बोटानं हलवली की लगेच वळवळते. पांढरीशुभ्र दिसली तर घाबरू नका, तिनं नुकतीच कात टाकलेली असते, आणि गेकोला पचायला तीच सगळ्यात मऊ.

डबे तीन लागतात. उथळ, रुंद, गुळगुळीत प्लॅस्टिकचे. झाकणाला मोठा चौकोन कापून त्यावर लोखंडी जाळी चिकटवा. पहिल्यात भुंगे, दुसऱ्यात अंडी आणि बारीक अळ्या, तिसऱ्यात खायच्या आकाराच्या. तळाशी चार-पाच सेंटीमीटर कोंडा.

हा कोंडाच माझ्या पहिल्या वसाहतीच्या मुळावर आला. घरच्या गव्हाचा चोकर, गिरणीतून दळून आलेला, यापेक्षा शुद्ध काय असणार असं मला वाटलं. बारा दिवसांत तीनशे अळ्या काळ्या पडल्या. नंतर वहिनीनं सांगितलं, कोठीतल्या गव्हात टिकड्या घातल्या होत्या आणि थोडी बोरिक पावडरही. धान्याला कीड लागू नये म्हणून जे जे घालतो, ते सगळं कीड मारण्यासाठीच असतं, आणि मीलवर्म ही शेवटी धान्याची कीडच! तेव्हा गहू घेतानाच विचारा: बोरिक लावलंय का, पारद टिकडी, गॅसची गोळी, कसली पावडर? उत्तर "माहीत नाही" आलं तर तो गहू नको. गिरणीत आपल्या आधी मिरची दळली नाही ना, तेवढंही बघा. भंडारा-गोंदियाकडच्या वाचकांना धानाचा कोंडा फुकट मिळतो, पण त्यातलं तेल काही दिवसांतच खवट होतं. ताजा असला तरच वापरा, आणि गव्हाच्या चोकरात थोडासाच मिसळा.

आणलेला कोंडा घट्ट पिशवीत भरून तीन-चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा. त्यात आधीच असलेले सोंडे, पाखरं आणि माइट नावाचे धुळीएवढे बारीक जीव यांची अंडी तिथेच संपतात. मग बाहेर काढून पूर्ण सुकवा आणि डब्यात घाला.

पाणी वाटीत ठेवायचं नाही. गाजराचा, बटाट्याचा किंवा दुधीचा तुकडा पुठ्ठ्याच्या चकतीवर ठेवला की अळ्या त्यातून ओल घेतात. पुठ्ठा यासाठी की कोंडा भिजू नये. उन्हाळ्यात तुकडा दोन दिवसांनी वाळून चामडं होतो, पावसाळ्यात दुसऱ्या सकाळी बुरशी धरतो. रोज नजर हवी.

आता चक्र. अंड्यातून एक-दोन आठवड्यांत डोळ्याला न दिसणारी अळी निघते, आठ-दहा आठवड्यांत अडीच सेंटीमीटरची होते, मग वेटोळं करून कोषात जाते. कोष पांढरा, हात-पाय नसल्यासारखा, हलवलं की शेपटी हलवतो. एक ते तीन आठवड्यांत त्यातून भुंगा निघतो, आधी पांढरा, मग तांबूस, मग काळा. कोष दिसले की वेचून वेगळ्या वाटीत ठेवा, कारण भुकेल्या अळ्या त्यांना कुरतडतात. भुंगे आपलीच अंडी खातात. म्हणून दर दोन आठवड्यांनी भुंगे चाळून नव्या कोंड्याच्या डब्यात टाकायचे आणि जुना डबा तसाच झाकून ठेवून द्यायचा. तारीख डब्यावर पेनानं लिहा. चाळायला पिठाची चाळणी भुंग्यांसाठी आणि मैद्याची बारीक चाळणी खालच्या भुशासाठी. रव्यासारखा जो खाली पडतो ती त्यांची विष्ठा. तुळशीला घाला, उत्तम खत आहे. चाळण्या मात्र स्वयंपाकघरातल्या नकोत, यावरून घरात महाभारत होतं.

मीलवर्म २५ ते २८ अंशांत झकास वाढतो. ३० च्या वर भुंगे अंडी कमी घालतात, ४० च्या जवळ सगळंच संपतं. खायच्या आकाराच्या अळ्या फ्रीजच्या खालच्या भाजीच्या कप्प्यात ठेवल्या तर त्यांची वाढ थांबते आणि त्या आठवडे टिकतात. फक्त आठवड्यातून एकदा दिवसभर बाहेर काढून गाजर द्यायचं. सुपरवर्म फ्रीजमध्ये ठेवू नका, मरतात.

रातकिडे थोडक्यात

उंच डबा, आत उभे लावलेले पुठ्ठ्याचे अंड्यांचे ट्रे, वर लोखंडी जाळी. नायलॉनची जाळी ते एका रात्रीत कुरतडतात. ट्रे अंडीवाल्याकडचे मळके घेऊ नका, कोरे घ्या आणि दोन दिवस कडक उन्हात टाका. पाण्यासाठी ओला कापूस, रोज बदलायचा. उघड्या वाटीत ते बुडतात. मेलेले रोज काढा, नाहीतर वास ओसरीपर्यंत येतो.

अंड्यांसाठी एका डबीत चार-पाच सेंटीमीटर ओलसर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, ठेवा. मादीच्या मागे सुईसारखी लांब नळी असते, ती कोकोपीटमध्ये खुपसून अंडी घालते. तीन-चार दिवसांनी डबी उचलून वेगळी झाका, ओल कायम ठेवा. ३० अंशांच्या आसपास १०-१४ दिवसांत मुंगीएवढी पिलं निघतात, दीड-दोन महिन्यांत मोठी होतात.

पाठीवर पंखाच्या मुळाशी दोन पिवळे ठिपके असलेला काळा रातकिडा आपल्या शिवारात भरपूर असतो आणि डब्यातही चांगला वाढतो. पकडून तो थेट गेकोला घालू नका. परसातून, जिथे कधी औषध पडलेलं नाही अशा जागेतून, चार-सहा जोड्या आणा, डब्यात अंडी घेऊ द्या, आणि खायला द्यायची ती डब्यात जन्मलेली पिढी. माद्यांचं किर्रर्र ऐकू येत नाही, ओरडतात ते नर. झोप प्यारी असेल तर पंख फुटलेले नर आधी खायला घाला.

तुतीवाल्या शेतकऱ्याची ओळख करून घ्या

विदर्भात राहण्याचा एक मोठा फायदा गेकोवाल्यांच्या लक्षात येत नाही. राज्याचं रेशीम संचालनालय नागपुरात आहे, आणि कपाशी-सोयाबीनला कंटाळून तुती लावलेले शेतकरी बऱ्याच तालुक्यांत सापडतात. रेशीमअळी गेकोसाठी अगदी हलकं जेवण. तिच्यात ८० टक्क्यांहून जास्त पाणी आणि चरबी जेमतेम एक टक्का. उन्हाळ्यात पाणी न पिणाऱ्या, कात अडकलेल्या किंवा मेणअळ्या खाऊन सुटलेल्या गेकोला हिच्यासारखा उतारा नाही. फक्त हिच्यावरच ठेवू नका, पोट भरेल पण अंग धरणार नाही.

दुसरी गोष्ट जास्त मोलाची. रेशीमअळी विषाला इतकी हळवी की शेजारच्या कपाशीवरून वाऱ्यानं आलेली फवारणी पानावर बसली तरी संगोपनगृहातलं पीक जातं. म्हणून तुतीवाला शेतकरी फवारणीच्या बाबतीत तुमच्या-माझ्यापेक्षा दसपट भित्रा असतो. त्याच्या रॅकवर जिवंत, खाती अळी असेल तर तिच्या पानावर विष नाही याचा तोच पुरावा. जिल्ह्यात याहून स्वच्छ किडा मिळायचा नाही.

शेतकरी बहुधा दुसरी कात टाकलेल्या अळ्या चॉकी केंद्रातून, म्हणजे लहान अळ्या वाढवून देतात तिथून, आणतो. अळीचं आयुष्य २५-२८ दिवसांचं, चार वेळा कात टाकते. आपल्याला हवी ती तिसऱ्या अवस्थेतली, साधारण दोन सेंटीमीटरची. शेवटच्या अवस्थेत ती सात-आठ सेंटीमीटरची होते, गेकोच्या घशात अडकेल. पन्नास अळ्यांनी शेतकऱ्याच्या पिकाला काही फरक पडत नाही. मी पहिल्यांदा पैसे विचारले तर माणूस हसला आणि म्हणाला, "पालीले खाऊ घालता? घेऊन जा, पण आत येण्याआधी पाय धुवा." पाय खरंच धुवा. संगोपनगृहात बाहेरचा रोग नेणं म्हणजे त्याचा महिनाभराचा घाम मातीत घालणं.

विचारायचं एवढंच: रॅकवर चुना किंवा निर्जंतुक पावडर कधी टाकली? कात टाकायच्या वेळी ती टाकतात. त्यानंतर एक-दोन दिवस जाऊ द्या, आणि घरी आणल्यावर ताज्या पानांवर आणखी एक दिवस ठेवा. मऊ पडलेल्या, काळपट, वास येणाऱ्या किंवा खडूसारख्या कडक झालेल्या अळ्या असतील तर त्या पिकातलं काहीच घेऊ नका. पानं सोबत मागून घ्या, ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये पाच-सहा दिवस राहतात. कडक उन्हाळ्यात हे पीक बहुतेक जण घेत नाहीत, तेव्हा ही मेजवानी पोळ्यापासून फेब्रुवारीपर्यंतची. गडचिरोली-भंडाऱ्याकडे ऐन-अर्जुनाच्या झाडावर वाढते ती टसर अळी वेगळी, दांडगी. तिच्या वाटेला जाऊ नका, ती कुणाच्या तरी वर्षाची कमाई आहे.

नवतपा

२५ मे पासूनचे नऊ दिवस. दुपारी खोलीत ३९-४०, त्यात वीज गेली की कूलर बंद. पहिल्या वर्षी मी डबे कूलरसमोर ठेवले. गारवा मिळाला, पण ओलाव्यानं कोंडा गोळे धरू लागला, आणि वीज चार तास गेली तेव्हा गारवाही गेला.

आता मी विजेच्या भरवशावर राहत नाही. आठवडी बाजारातून कुंभाराकडून दोन माठ आणले, रुंद तोंडाचे, एक दुसऱ्यात चार बोटं फट ठेवून बसेल असे. मोठ्याच्या तळाशी वाळू, त्यावर लहान माठ, मधल्या फटीत वाळू ठासून. वाळूत सकाळ-संध्याकाळ पाणी ओतायचं. आतल्या माठात पालथी वाटी, त्यावर अळ्यांचा डबा, आणि माठाच्या तोंडावर ओलं पोतं. हे सगळं घराच्या उत्तरेकडच्या ओसरीत, जिथे वारा लागतो पण ऊन लागत नाही. आपली हवा मेमध्ये इतकी कोरडी असते की पाणी झपाट्यानं उडतं आणि माठ गार पडतो. ओसरीत ३९ असताना माझ्या तापमापकानं आत २९ दाखवलंय. पावसाळा लागला की ही युक्ती निकामी, तोवर गरजही संपलेली असते.

माठात सगळी वसाहत मावत नाही, म्हणून भुंगे आणि बारीक अळ्या माठात, खायच्या अळ्या फ्रीजमध्ये. डबा कोंड्यानं गच्च भरू नका. दाटी झाली की अळ्यांच्या अंगचीच उष्णता साठते. मधे हात घालून बघा, कोंडा कोमट लागला तर दोन डब्यांत वाटा.

गेकोची पेटीही याच दिवसांत बघा. त्याला उबदार बाजू ३१-३३ अंश लागते, पण आपल्याकडे तेव्हा दिवा बंदच ठेवावा लागतो. उलट डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० पर्यंत उतरतो, तेव्हा पेटीला ऊब नसेल तर खाल्लेला किडा पचत नाही, पोटात सडतो. थंडीत वीज गेली असेल त्या दिवशी खायला घालू नका.

मुंग्या, माइट आणि मच्छर अगरबत्ती

पाऊस पडला की मुंग्या घरात येतात, आणि त्यांना मीलवर्मचा डबा म्हणजे लग्नाचं जेवण. डबे छोट्या स्टुलावर ठेवून स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, पाण्यात साबणाचा एक थेंब. मुंग्यांचा खडू ओढू नका. त्यातलं औषध मुंगी आणि मीलवर्म असा भेद करत नाही. मच्छर कॉइल, प्लगमधलं औषध, स्प्रे, सगळ्यांचा तोच न्याय. ज्या खोलीत किडे, तिथे आपल्याला मच्छरदाणी.

डब्याच्या कडेला पिठासारखी हलती, तपकिरी धूळ दिसली तर ते माइट. ओल जास्त झाली असा त्याचा अर्थ. गाजर बंद करा, मोठ्या अळ्या हातानं वेचून कोरड्या, नव्या कोंड्यात घाला, जुना कोंडा अंगणाबाहेर जाळा, डबा उकळत्या पाण्यानं धुऊन उन्हात वाळवा. वसाहत कायम दोन जागी ठेवली असेल तर अशा वेळी रडावं लागत नाही.

किड्याला जेवण, त्यावर भुकटी

नुसता चोकर खाल्लेली अळी ही रिकामी पिशवी. गेकोला द्यायच्या आधी २४ ते ४८ तास त्या किड्यांना वेगळं काढून चांगलं खाऊ घाला. शेवग्याचा पाला सर्वांत भारी, परसात फुकट आणि कॅल्शियमनं भरलेला. गाजर, लाल भोपळा, कढीपत्ता, थोडी संत्र्याची फोड चालते. पालक नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. बाजारातली भाजी असेल तर दोनदा धुवा.

मग भुकटी. डबीत किडे, चिमूटभर कॅल्शियम पावडर, झाकण लावून हलकं हलवलं की त्यांना पीठ लागल्यासारखं होतं. वाढत्या पिल्लाला रोज, मोठ्याला एक जेवण सोडून एक. डी-३ जीवनसत्त्व असलेली पावडर आणि मल्टिव्हिटॅमिन आठवड्यातून एकदाच, जास्त डी-३ ही विषच.

इथे हात जोडून सांगतो, पानाचा चुना वापरू नका. "कॅल्शियमच आहे ना" असं मला दोघांनी विचारलंय. चुना जिभेला, पोटाला भाजतो. साधी, शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटची पावडर लागते. ती येईपर्यंत अंड्याची टरफलं उकळून, आतला पापुद्रा काढून, कडक वाळवून मैद्यासारखी दळा आणि वस्त्रगाळ करा. पक्ष्यांच्या दुकानात मिळणारं समुद्रफेस खरवडलं तरी चालतं. बाटलीच्या झाकणात थोडी पावडर पेटीत कायम ठेवा, गेको लागेल तशी चाटतो.

कॅल्शियम कमी पडलं की जबडा रबरासारखा मऊ होतो, पाय वाकतात, चालताना पोट घासतं. ही लक्षणं दिसली तर घरगुती उपाय थांबवा. गावातले पशुवैद्य गाई-बैलांत वाकबगार, पालीसाठी नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा.

जेवणाची वेळ

संध्याकाळी, दिवेलागणीनंतर. किड्याची जाडी गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढी किंवा कमी. सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला रोज पाच-सात बारीक, वर्षाचा होईपर्यंत दिवसाआड, मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा पाच-आठ. अळ्या गुळगुळीत काठाच्या वाटीत ठेवा म्हणजे वाळूत शिरत नाहीत. रातकिडे एकेक करून सोडा. पंधरा-वीस मिनिटांत जे खाल्लं नाही ते बाहेर काढा.

मीलवर्म गिळल्यावर आतून पोट कुरतडून बाहेर येतो असं कुणीतरी सांगेलच. येत नाही. गेको त्याला आधी चावतो, आणि पोटातल्या आम्लात उरलंसुरलं विरघळतं. डोकं ठेचून द्यायची गरज नाही, ठेचलेली अळी हलत नाही आणि मग तो खातही नाही.

महिन्यातून एकदा वजन करा. आमचा सोनार हसत हसत त्याच्या काट्यावर गेकोला ठेवू देतो, ६१ ग्रॅम हा त्याचा नेहमीचा आकडा. शेपटी मानेइतकी जाड असेल तर जेवण बरोबर चाललंय. दोन महिने सलग वजन उतरलं तर विष्ठा डबीत घालून तपासायला न्या.

लग्नसराईत चार-आठ दिवस गावाला जायचं झालं तर गेकोची काळजी करू नका. धडधाकट मोठा गेको आठवडाभर उपाशी राहिला तरी काही बिघडत नाही, पाण्याची वाटी तेवढी भरलेली हवी. काळजी करायची ती किड्यांची. मी निघताना मीलवर्मच्या प्रत्येक डब्यात अख्खं न सोललेलं गाजर ठेवतो, ते कापलेल्या तुकड्यापेक्षा उशिरा वाळतं. रातकिडे वहिनीच्या हवाली, रोज ओला कापूस बदलायला. आणि माठाच्या वाळूत दोन वेळा पाणी घालायचं काम आजीकडे. ती ते विसरत नाही, फक्त पाणी ओतताना आतल्या जिवांना दोन शिव्या देते.